त्याच भाडेकरूसाठी दर ११ महिन्यांनी दलाली का द्यायची?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

जून जवळ आला की आपल्या पेपरात पुण्यातली भाडी किती वाढली त्याच्या बातम्या येतात, हिंजवडीत काय चाललंय, खराडीत काय, कोथरूडमध्ये विद्यार्थ्यांना रूम मिळत नाहीत वगैरे. पण या सगळ्यात एजंटच्या दलालीबद्दल कुणी फारसं लिहीत नाही आणि लिहिलं तरी ते भाडेकरूच्या बाजूने असतं, म्हणजे बिचाऱ्या मुलांना किती भुर्दंड पडतो ते. ते खरंच आहे, पण मालकाकडूनही तेवढीच दलाली घेतली जाते आणि मालक लोक ती निमूटपणे देतात कारण 'मार्केट रेट आहे' असं म्हटलं की पुढे काय बोलायचं ते सुचत नाही. म्हणून हे पत्र.

मी कर्वेनगरला राहते, छोट्या दुकानदारांचे अकाउंट्स आणि जीएसटीची कामं करते. खराडीला आमचा एक वन बीएचके आहे, तो भाड्याने दिलेला असतो. माझ्यासारखे मालक पुण्यात हजारोंनी आहेत हो, मालक म्हटलं की लोकांना दहा-दहा फ्लॅटवाला माणूस दिसतो पण खरं तर बहुतेकांचा एकच फ्लॅट असतो, कुणी पीएफ मोडून घेतलेला, कुणाचा हप्ता अजून चालू असलेला, कुणाचा मुलगा बाहेरगावी आणि फ्लॅट बघायला सत्तरीचे आईवडील. अशा लोकांना एका महिन्याचं भाडं ही किरकोळ रक्कम नसते.

आधी आकडे सांगते म्हणजे विषय समजेल. समजा भाडं २४,००० आहे आणि डिपॉझिट १ लाख. ११ महिन्यांचं भाडं झालं २,६४,०००. आपल्याकडे बऱ्याच एरियात एजंट एक महिना भाडेकरूकडून आणि एक महिना मालकाकडून मागतो, काही ठिकाणी मालकाला पंधरा दिवस सांगतात. एक महिना धरला तर माझ्या हातात येणाऱ्या भाड्यातले नऊ टक्के पहिल्याच दिवशी गेले. त्यात सोसायटीचा मेंटेनन्स माझ्याकडे, रंगकाम माझ्याकडे, आणि महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहणाऱ्याला जी ४० टक्के सवलत मिळते ती भाड्याने दिलेल्या फ्लॅटला मिळत नाही. इन्कम टॅक्समध्ये म्हणाल तर घरभाड्यावर सरसकट ३० टक्के स्टँडर्ड डिडक्शन मिळतं आणि भरलेला मिळकतकर वजा होतो, एजंटला दिलेली दलाली वेगळी दाखवून वजा करायची सोय नाही. धंद्यातला खर्च असतो तसा हा खर्च पकडता येत नाही हे माझ्या ओळखीतल्या कितीतरी मालकांना माहीतच नव्हतं, आणि एकदा ते कळलं की दलालीतला प्रत्येक रुपया थेट आपल्या खिशातून जातोय हे लक्षात येतं.

तरीसुद्धा पहिल्या वेळच्या दलालीला माझा विरोध नाही, हे स्पष्ट सांगते. एजंट फोटो काढतो, जाहिरात टाकतो, चावी घेऊन भर पावसात लोकांना फ्लॅट दाखवायला जातो, दहा जण बघून जातात तेव्हा एक ठरतो. फ्लॅट एक महिना रिकामा राहिला तर माझे २४,००० गेले आणि वर मेंटेनन्स, त्यामुळे जो माणूस आठवड्यात चांगला भाडेकरू आणून देतो त्याने पैसे मिळवलेले आहेत आणि ते त्याला वेळेवर आणि पूर्ण मिळाले पाहिजेत. माझा मुद्दा रिन्युअलचा आहे. भाडेकरू तोच, फ्लॅट तोच, ओळख झालेली, भाडं दर महिन्याला खात्यावर जमा होतंय, आणि ११ महिने संपत आले की एजंटचा मेसेज येतो, "मॅडम ॲग्रीमेंट संपतंय, रिन्युअल करून टाकू, हाफ मंथ तुमच्याकडून हाफ मंथ त्यांच्याकडून." म्हणजे पुन्हा २४,००० रुपये, ज्यात शोधाशोध शून्य, दाखवणं शून्य.

आमच्याकडे एक नवरा-बायको राहतात, ती नर्स आहे, तो कंपनीत टेस्टिंगला आहे, मूळचे मराठवाड्यातले. असा मेसेज दोघांनाही आला. मी त्यांना म्हटलं काही पाठवू नका, मी आधी बोलून येते, आणि एजंटच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे बिल्डिंगखालचा गाळा, भिंतीला प्लायवूड आणि त्यावर खिळ्यांना लटकवलेल्या चाव्या, प्रत्येकीला पुठ्ठ्याचं लेबल, फ्लॅट नंबर आणि विंग लिहिलेली. मी विचारलं की रिन्युअलमध्ये तुम्ही नेमकं काय काम करता ते सांगा. तो म्हणाला पोर्टलवर डेटा भरतो, बायोमेट्रिकला, म्हणजे अंगठ्याचे ठसे घ्यायला, माणूस पाठवतो, पोलिसांचं करून देतो. बरं, मग मी म्हटलं की या कामाची फी सांगा, मी देते, पण तिला ब्रोकरेज म्हणू नका. तो म्हणाला, "मॅडम, सगळे देतात, आजपर्यंत कुणी विचारलं नाही." मी म्हटलं ठीक आहे, मग बिल द्या, त्यावर कामाचं नाव लिहा आणि जीएसटी नंबर असेल तर तोही टाका. तिथे गाडी अडली. बिल कुणी मागतच नाही त्यामुळे बिलबुकच नव्हतं.

मी घरून हिशोब मांडून नेला होता तो त्याच्यासमोर ठेवला. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे घर ठरावीक मुदतीपुरतं फक्त वापरायला द्यायच्या कराराची, स्टॅम्प ड्युटी ६० महिन्यांपर्यंतच्या करारासाठी ०.२५ टक्के आहे, ती एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी काढलेलं व्याज अशा रकमेवर लागते. वरच्या उदाहरणात ती सातशेच्या आसपास येते. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,०००. म्हणजे मुख्य सरकारी खर्च १,७०० च्या घरात, वर ऑनलाइनचा थोडा हँडलिंग चार्ज आणि घरी मशीन घेऊन येणाऱ्या माणसाची फी. एजंट लोक ॲग्रीमेंटचे म्हणून एकच गोल आकडा सांगतात त्यात सरकारी किती आणि त्यांचे किती ते कधीच वेगळं सांगत नाहीत. ते वेगळं मागा, हे मी प्रत्येक मालकाला सांगेन. सरकारी भरणा झाला की चलन तयार होतं, त्यावर रक्कम छापलेली असते, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता खरा विषय. हे ११ महिने आले कुठून? जुन्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तर रजिस्ट्रेशन सक्तीचं, म्हणून लोक पूर्वी रजिस्ट्रेशन टाळायला ११ महिन्यांचा कागद करायचे, साध्या स्टॅम्प पेपरवर सही करून मोकळे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे, मुदत कितीही असो. म्हणजे ११ महिन्यांचा असला तरी रजिस्टर करावाच लागतो. मग ११ महिने कशासाठी? मालकांना वाटतं की जास्त मुदत दिली तर भाडेकरू घर बळकावेल. तसं नाही हो, लायसन्स हे लायसन्सच राहतं, ११ महिन्यांचं असो की ३६ महिन्यांचं, आणि मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा वादांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाता येतं, तिथे भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईची तरतूद आहे. लेखी करार असेल तर त्यातला मजकूर हाच निर्णायक पुरावा मानला जातो.

मग या ११ महिन्यांचा फायदा कुणाला होतो ते बघा. मालकाला दरवर्षी नवा स्टॅम्प, नवी रजिस्ट्रेशन फी, भाडेकरूला दरवर्षी धाकधूक की ठेवतात की काढतात, आणि एजंटला मात्र दर ११ महिन्यांनी एक नवा व्यवहार. इतकंच नाही, भाडेकरू बदलला तर एजंटला दोन्हीकडून पूर्ण महिना मिळतो आणि तोच राहिला तर अर्धा, म्हणजे भाडेकरू टिकण्यात मालकाचं हित आणि बदलण्यात एजंटचं. मी कुणाच्या मनात वाईट आहे असं म्हणत नाही, पण "मॅडम, याच्यापेक्षा तीन हजार जास्त देणारी पार्टी आहे माझ्याकडे" असा फोन बरोबर दहाव्या महिन्यात येतो हे मालक लोकांनी एकमेकांना विचारून बघावं. ते तीन हजार जास्त धरले तरी ११ महिन्यांचे ३३,०००, त्यातून एक महिन्याची दलाली २७,००० गेली, मध्ये पंधरा दिवस फ्लॅट रिकामा, आत रंग, पाइपची किरकोळ कामं, हातात काय राहिलं? उलट चांगला भाडेकरू गेला.

म्हणून मी ३६ महिन्यांचा करार केला. ऑनलाइन फॉर्ममध्ये वर्षावर्षाचं वेगळं भाडं टाकता येतं, पहिल्या वर्षी २४,०००, मग दरवर्षी ५ टक्के वाढ असं घातलं. पहिले बारा महिने लॉक-इन, म्हणजे तोवर कुणीच करार मोडायचा नाही, त्यानंतर दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस, म्हणजे मलाही अडकून राहायला नको आणि त्यांची बदली झाली तर त्यांनाही. स्टॅम्प ड्युटी तीन वर्षांची मिळून साधारण २,३५० च्या आसपास आणि रजिस्ट्रेशन एकदाच १,०००. दरवर्षी वेगळा करार केला असता तर फक्त सरकारी खर्चच पाच हजारांच्या वर गेला असता, आणि दोन रिन्युअलची अर्ध्या महिन्याची दलाली धरली तर एका बाजूचे आणखी २५,००० च्या वर, दोन्ही बाजूंचे मिळून ५० हजार. हे ५० हजार कुणी कमावले नसते, फक्त एका घरातून दुसऱ्या घरात गेले असते. एजंटला कागदाच्या कामाची फी दिली, त्यानेही ती घेतली, आणि आमचं बोलणं आजही चांगलं आहे. घासाघीस केली म्हणून संबंध बिघडतात ही भीती मनातून काढा.

ज्यांचा फ्लॅट आत्ता रिकामा आहे आणि एजंटशी पहिल्यांदा बोलायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, बोलणी चावी द्यायच्या आधी करा. चावी प्लायवूडवर लटकली की तुमचा जोर संपला, मग भाडेकरू घरात शिरायच्या दिवशी रकमेवर वाद घालायचा म्हणजे सगळ्यांसमोर लाज वाटते आणि आपण देऊन टाकतो. आधीच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, साध्या मराठीत, की दलाली किती, कधी, कशाबद्दल. भारतीय करार कायदा १८७२ मध्ये एजंटबद्दलची कलमं आहेत त्यात कलम २१९ असं सांगतं की वेगळं ठरलेलं नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटचा मोबदला देय होत नाही. टोकन आल्यावर लगेच अर्धी दलाली द्या म्हणणाऱ्याला हे सांगा. करार रजिस्टर झाला, डिपॉझिट खात्यावर आलं, की त्याच दिवशी त्याचे पैसे द्या, एक दिवस उशीर करू नका, आपणही व्यवहाराला चोख असलं पाहिजे तरच मागण्याला अर्थ राहतो.

रकमेचं म्हणाल तर मी मालकाकडून पंधरा दिवसांचं भाडं हे योग्य मानते, कारण तो समोरच्याकडूनही घेतोय. त्यातही वेळेशी बांधून बोला, म्हणजे दहा दिवसांत भाडेकरू मिळाला तर पंधरा दिवसांचं, महिना उलटला तर दहा दिवसांचं. एजंट याला तयार होतात, विशेषतः दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये जेव्हा गर्दी कमी असते, जूनमध्ये थोडं अवघड जातं. आणि एक अट नक्की घाला की भाडेकरू सहा महिन्यांच्या आत सोडून गेला तर दुसरा विनादलाली आणून द्यायचा. या एका अटीने एजंट भाडेकरू नीट बघून आणतो, कंपनीचं पत्र बघतो, आधीच्या मालकाला फोन लावतो, नाहीतर जो पहिला टोकन देईल तो आपल्या गळ्यात मारतात. ज्यांच्याकडे दोन-तीन फ्लॅट आहेत त्यांनी सगळे एकत्र बोलावेत, अर्थात माझ्यासारख्या एकच फ्लॅटवाल्यांना ते शक्य नाही, पण एकाच सोसायटीतल्या चार-पाच मालकांनी मिळून एकच दर ठरवला तर एजंट ऐकतो. आमच्या खराडीच्या सोसायटीत मालकांच्या ग्रुपवर हे सुरू झालंय आणि आता गेटवरच्या एजंट लोकांना माहीत आहे की या बिल्डिंगमध्ये रिन्युअलला ब्रोकरेज मिळत नाही, फक्त कागदाची फी मिळते.

जबाबदारीचंही बघा ना. करार रजिस्टर केला नाही तर कलम ५५ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ते मालकाला, एजंटला नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची जबाबदारी मालकाची. डिपॉझिटवरून वाद झाला, भिंत खराब केली, वीजबिल थकवलं, की एजंट म्हणतो ते तुमचं तुम्ही बघा. दोन्हीकडून पैसे घेणारा माणूस वादाच्या वेळी कुणाच्याच बाजूचा नसतो हे मी जवळून पाहिलंय, शेजारच्या एका आजींच्या बाबतीत. मुलगा बाहेरदेशी, फ्लॅटची सगळी बोलणी एजंट करायचा, भाडेकरूने दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा सांगून घर सोडलं तेव्हा एजंटने फोन उचलणं बंद केलं, आणि पुढच्या महिन्यात तोच एजंट नवा भाडेकरू घेऊन आणि पूर्ण महिन्याची दलाली मागत दारात उभा. आजींनी दिली. त्यांना वाटलं नाही दिली तर दुसरा कोण आणून देणार. अशा वयाच्या माणसांकडून प्रत्येक वेळी पूर्ण महिना घेताना थोडा तरी विचार व्हायला हवा, मला याचा खरंच राग येतो.

आणि भाडेकरूंचं म्हणाल तर, लातूर-नांदेडहून येणारी पोरगी पहिल्या नोकरीचा पगार हातात पडायच्या आधी डिपॉझिट, पहिलं भाडं, दलाली, ॲग्रीमेंटचे पैसे आणि काही सोसायट्यांचा मूव्ह-इन चार्ज एवढं सगळं एकदम भरते. मालकाकडून घेतलेली दलाली शेवटी भाड्यातच चढते. त्यामुळे मालकाने आपली दलाली कमी करून घेतली आणि रिन्युअलची बंद केली तर त्यातले हजार-पाचशे भाडेवाढीत सोडता येतात, मी सोडले आहेत, आणि ते लोक घर अगदी स्वतःचं असल्यासारखं ठेवतात.

सरकारकडून काय हवंय ते लिहून थांबते. घर विकणाऱ्या प्रकल्पांच्या एजंटला रेरा कायदा २०१६ प्रमाणे नोंदणी करावी लागते, पण त्या कायद्यातली एजंटची व्याख्याच विक्रीच्या व्यवहारापुरती आहे, भाड्याने देणाऱ्या एजंटला ती लागू नाही. म्हणजे लाखो रुपयांचे डिपॉझिट ज्याच्या शब्दावर दिले-घेतले जातात त्याची कुठेच नोंद नाही. मर्यादा घालता येत नाही असंही नाही. सोसायट्या पूर्वी मनाला येईल तेवढा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतला जाणारा आकार, लावायच्या, राज्य सरकारने १ ऑगस्ट २००१ ला आदेश काढून तो सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर आणला आणि तो आजपर्यंत पाळला जातो, कुणी नाही पाळला तर दाद मागता येते. तसाच भाड्याच्या दलालीला, निदान रिन्युअलच्या दलालीला, नियम हवा आणि एजंटने पावती देणं सक्तीचं हवं. नोंदणी व मुद्रांक विभागाचं मुख्य कार्यालय आपल्या पुण्यातच आहे. त्यांनी ई-रजिस्ट्रेशनच्या पानावर पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरात लिहावं की करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो आणि त्याला सरकारी खर्च इतका येतो.

आणि आपल्याला एक विनंती. जूनमध्ये भाड्याची बातमी छापाल तेव्हा शेजारी एक चौकट टाका, त्यात २०,००० आणि ३०,००० भाड्याच्या घरासाठी ११ महिन्यांचा आणि ३६ महिन्यांचा सरकारी खर्च किती येतो ते द्या. ती कापून मी आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावीन.

आपली वाचक,
एक फ्लॅटमालक,
कर्वेनगर, पुणे